चार फुटांची गादी, अडीच फुटांची कॉट

बसा, पण कडेला नको. तिथे माझ्यातल्या कापसाचे गोळे झाले आहेत, टोचतील. मधोमध बसा. मी एक गादी. चार फूट रुंद, साडेसहा फूट लांब, आत चौदा किलो कापूस. सध्या मुक्काम खडकीला, तीन मुलांच्या एका खोलीत, फरशीवर.

मला राग आलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते. गादीला कसला राग, असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही रात्री आडवे होता आणि सकाळी उठून चालू लागता. आम्ही तिथेच असतो. फोनवर तुम्ही घरी काय सांगता आणि फोन ठेवल्यावर कसे पडून राहता, हे दोन्ही आमच्या अंगावरच होतं. वर्षभराहून जास्त मी हे ऐकून घेतलं. आता मी बोलणार आहे.

माझा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा. हिंमतराव तिथल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर असतात. कापसाची गाडी आली की वजन करून आत सोडायची, हे त्यांचं काम. तीस वर्षं कापूस हाताळलेला माणूस. चिमटीत धरून ओढला की धागा केवढा लांब ते सांगतात. माझ्यासाठी कापूस त्यांनी स्वतः निवडला. सरकीचा दाणा नाही, पाचोळ्याचा कण नाही. दारात पिंजारी बसवला. त्यानं रुंदी विचारली तेव्हा हिंमतरावांच्या पत्नी सत्यशीलाबाई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी क्षणभरही विचार न करता चार फूट सांगितली. म्हणाल्या, पोरगी झोपेत लोळते.

पोरगी म्हणजे अपेक्षा. ती नुकतीच इंजिनियर झाली होती. कॉलेजात असतानाच एका मोठ्या कंपनीनं पुण्याच्या ऑफिससाठी तिची निवड केली होती. ऑफर लेटर आलं होतं. त्यात तिचं नाव होतं, पद होतं, पगार होता. फक्त रुजू व्हायची तारीख नव्हती. त्या जागी लिहिलं होतं, तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

अशी बातमी घरात ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. आठवड्याच्या आत बसस्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला. मध्ये अपेक्षाचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे एकवीस फोटो, वर ‘निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. समाजाच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ झालं. लोक काट्यावर येऊन हिंमतरावांशी हात मिळवून जायचे. ती तारखेची ओळ कोणी वाचली नाही. वाचली असेल, तरी फ्लेक्स लावायचं थांबवण्याइतकी ती कोणाला मोठी वाटली नाही. याच आनंदात मला शिवलं गेलं.

मग वाट बघणं सुरू झालं. जून गेला, पोळा गेला, दसरा गेला. कंपनीचं काही येईना. अपेक्षा दळण आणायला बाहेर पडली तरी दोघं-तिघं विचारायचे, कधी जाऊन रायली पुण्याले? तिनं हळूहळू बाहेर जाणं कमी केलं. मग लोक घरी येऊन विचारू लागले. दिवाळीला तिची एक मावशी आली. चिवडा खाता खाता तिनं हसत विचारलं, कंपनी खरी हाय न वं? सगळे हसले. अपेक्षाही हसली.

त्याच संध्याकाळी ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि म्हणाली, मेल आला, एक तारखेला जॉईन व्हायचं आहे. सत्यशीलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी गुंडाळलेली भिंतीशी उभी होते. मला तिचा हात दिसत होता. फोनचा पडदा काळा होता.

तिचा हिशेब साधा होता, हे मला पुढे तिच्या बोलण्यातून कळलं. पुण्यात जाऊन राहायचं. तोवर कंपनीचं बोलावणं येईल. नाही आलं, तर एवढ्या मोठ्या शहरात दुसरं काहीतरी मिळेल. मग कोणाला काही सांगायचीच गरज उरणार नाही. हुशार मुलगी. पण चार महिने रोज तोच प्रश्न ऐकल्यावर हुशारी कुठवर पुरणार?

ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत कोंबून मला पुण्याला आणलं. उतरल्यावर तीन रिक्षावाले आमच्याकडे बघून, म्हणजे माझ्याकडे बघून, न थांबता निघून गेले. चौथ्यानं घेतलं. मला उभी करून अपेक्षा मिठी मारून बसली, कारण वळणावर मी बाहेर पडत होते. असं आम्ही दोघींनी पुणं पहिल्यांदा पाहिलं. खरं तर तिला दिसलंच नाही, मीच मध्ये होते.

जागा शनिवार पेठेत होती, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेली. घर उल्काताई आणि श्रीधरराव या नवरा-बायकोचं. श्रीधरराव निवृत्त शिक्षक, ते फारसं बोलत नसत. उल्काताई बोलत, पण मोजकं. घरातली एक खोली त्यांनी मुलींना कॉट बेसिसवर दिली होती. म्हणजे खोली तुमची नाही, खोलीतली एक कॉट तुमची. कॉट त्यांची, वरची गादी तुम्ही आणायची. त्या एका कॉटचं भाडं ऐकून हिंमतराव फोनवर म्हणाले होते की दारव्ह्यात एवढ्यात अंगणासकट घर येतं.

उल्काताईंनी दार उघडलं, आधी मला पाहिलं आणि मग अपेक्षाला.

“आपलं लग्न ठरलंय का?”

“नाही काकू.”

“मग चार फुटांची गादी कशाला? कॉट अडीच फुटांची आहे. फोनवर सांगितलं होतं.”

सांगितलं होतं, हे खरं. पण तोवर मी शिवून तयार होते, आणि आईनं एवढ्या हौसेनं करून घेतलेली गादी नको म्हणायला अपेक्षाची जीभ वळली नव्हती. त्या मुलीची जीभ नको तिथे नेहमी अशीच अडते.

माझा दीड फूट भाग भिंतीच्या बाजूनं आत दुमडण्यात आला. तिकडे उंचवटा, इकडे उतार. अपेक्षा उतारावर झोपायची आणि झोपेत घसरत कडेला यायची. समोरच्या कॉटवर नम्रता नावाची वाशिमची मुलगी होती. तिची गादी फोमची, दोन इंच जाडीची, ऑनलाइन मागवलेली. पाय ठेवला की खालची फळी लागायची. नावाला गादी. पण कॉटवर बसायची मात्र अगदी मापात, आणि उल्काताई तिच्याकडे बघून माझ्याकडे बघायच्या. माझ्या दुमडलेल्या बाजूत गोळे व्हायला लागले ते तेव्हापासून. गच्चीवर ऊन भरपूर होतं, पण गच्चीला कुलूप होतं.

दारामागे नियमांचा कागद होता. त्यात पहिला नियम, जागा फक्त नोकरदार मुलींसाठी. अपेक्षानं नोकरीचा पुरावा म्हणून ऑफर लेटरची झेरॉक्स दिली. उल्काताईंनी चष्मा लावून ती वाचली. पगाराच्या आकड्यापाशी थांबल्या, मान हलवली आणि कागद फाईलला लावला. म्हणजे चष्मा लावूनसुद्धा ती तारखेची ओळ राहिलीच.

त्यामुळे झालं काय, की अपेक्षाला नोकरी नव्हती, पण ऑफिसची वेळ होती. रोज सकाळी नऊला पाठीला बॅग लावून निघायचं आणि संध्याकाळी सातला दमून यायचं. दमायची ती खरंच. हिंजवडीला, खराडीला मुलाखतींच्या रांगेत उभी राहायची. पहिली ऑफर सांगितली, तर लोक म्हणायचे, तिकडून बोलावणं आलं की तुम्ही जाल. नाही सांगितली, तर विचारायचे, पास होऊन इतके महिने काय केलं? ज्या दिवशी मुलाखत नसे त्या दिवशी कुठल्यातरी बागेत बाकावर बसून राहायची. बाक किती कडक होता हे तिच्या पाठीवरून मला कळायचं.

कंपनीचे दोन मेल आले. दोन्हींत एकच मजकूर होता, प्रक्रिया सुरू आहे, आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार. आभार मानायचे तर माझे मानायचे होते. तो संयम रोज सात वाजता घरी येऊन माझ्यावर कोसळायचा.

हिंमतरावांच्या काट्याइतकं नेमकं नाही, पण मलाही वजन कळतं. तीन महिन्यांत ती कितीतरी हलकी झाली. एक वेळच्या डब्यात दोन वेळा भागवत होती. आणि रोज संध्याकाळी घरचा फोन. हो बाबा, जेवली. हो, काम चांगलं आहे. साहेब चांगले आहेत. माझ्यावर मांडी घालून ती हे सगळं इतक्या गोड आवाजात सांगायची, की मला वाटायचं, कॉटवरून खाली पाडावं हिला.

फेब्रुवारीत एक दिवस ती आली आणि मला ठसका लागला. तिच्या कपड्यांना मिरचीचा वास होता. दुसऱ्या दिवशी धन्याचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा मिरची, वर हळद. नम्रता दोन दिवस शिंकली आणि तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “तुमच्या कंपनीत कोडिंग करतात की मिरच्या कांडतात?”

तेव्हा अपेक्षानं सगळं सांगितलं. मार्केट यार्डात तात्याराव नावाच्या गृहस्थांचा मसाल्याचा गाळा आहे. फोनवर येणाऱ्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर घ्यायच्या, पार्सलवर नावं लावायची, कोणाचं पार्सल कुठे पोचलं ते बघायचं, असं काम. पगार ऑफर लेटरमधल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी, पण दर महिन्याला मिळणारा. नम्रतानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, कोणाला सांगणार नाही. मग म्हणाली की तिच्या घरी ती टीम लीडर आहे. प्रत्यक्षात ती लोकांच्या बिघडलेल्या टीव्हीच्या तक्रारी फोनवर ऐकायची. दोघी खूप हसल्या. मला काही हसू आलं नाही.

कारण यात लपवण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. चार पैसे येत होते, ती पोटभर जेवू लागली होती, तिचं वजन मला पुन्हा जाणवू लागलं होतं. तात्याराव तिच्या कामावर खूश होते. ज्या बापानं तीस वर्षं कापसाच्या गाड्या मोजल्या, त्याला मुलगी मिरचीची पार्सलं पाठवते हे सांगायला लाज कशाची? पण फोनवर ती अजून प्रोजेक्ट म्हणायची. फ्लेक्सवरच्या मुलीला मसाल्याच्या गाळ्यावर उभं करायचं तिला धाडस होत नव्हतं.

सप्टेंबरात हिंमतरावांनी फोनवर संभाजीचा विषय काढला. संभाजी म्हणजे त्यांच्या शेजारच्या दुर्गाबाईंचा मुलगा. बी.एस्सी. झालेला, जिनिंगच्याच ऑफिसात चिकटलेला, अपेक्षाहून दोन वर्षांनी लहान, तिला ताई म्हणणारा. आमच्याकडे कोणी पुण्यात लागलं, की त्यानं मागच्या एकाला ओढून घ्यायचं, हे न बोलता ठरलेलं असतं. हिंमतराव म्हणाले, त्यालेही तुझ्या कंपनीत चिटकवून दे. अपेक्षा माझी शिवण उकरत म्हणाली, “बघते बाबा.”

तेवढंच म्हणाली. त्या वेळी मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पुढे पंधरा दिवस प्रत्येक फोनवर संभाजीचं नाव निघायचं आणि ती प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायची. आतापर्यंतचं खोटं तिच्या एकटीपुरतं होतं. झोप तिची जात होती, पोट तिचं मारलं जात होतं. आता त्यात दुसऱ्याची चांगली चाललेली नोकरी आली होती. तो ती सोडायच्या आत हिनं तोंड उघडायला हवं होतं, आणि हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी सकाळी हिंमतराव स्वतःच दारात उभे राहिले. न कळवता. हातात तुरीच्या डाळीची पिशवी आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये संभाजीचा बायोडाटा. नियमाप्रमाणे पुरुष पाहुण्याला दहा मिनिटं, तीही दार उघडं ठेवून. उल्काताईंनी नियम सांगितला आणि बाहेर मेथी निवडायला बसल्या. नम्रता कामावर गेलेली. अपेक्षा नुकतीच बॅग भरत होती.

हिंमतराव माझ्यावर बसले. बसताच त्यांचा हात आपोआप फिरला आणि दुमडलेल्या बाजूवर थांबला. गोळे लागले असणार.

“शुक्रवार पाहूनच आलो,” ते म्हणाले. “हापिस चालू असन. मेल-बील नको, कागद साहेबाच्या हातात देतो अन् दुपारच्या गाडीनं निघतो. चाल, तुझ्यासंगंच येतो.”

“बाबा, हापिस नाही.”

“सुट्टी हाय?”

“नोकरीच नाही बाबा. त्यांनी कधी बोलावलंच नाही.”

मग तिनं उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. काळा पडदा, हिंजवडी, बाग, मिरची, सगळं. मध्ये थांबली नाही, रडली नाही. मला वाटतं ती हे मनातल्या मनात इतक्या वेळा बोलली होती की तिला पाठ झालं होतं. हिंमतराव फोल्डरकडे बघत ऐकत होते. बाहेर मेथी निवडण्याचा आवाज थांबला होता.

मग ते म्हणाले, “घरी काही बोलू नको. संभाजीले मी सांगतो, पोरीनं नाही म्हटलं म्हणून.”

“म्हणजे मी माजली असं म्हणतील लोक.”

“म्हणू दे. खोटारडी म्हणतील त्यापरीस बरं.”

मला या माणसाचा अभिमान होता. सरकीचा एक दाणा माझ्यात राहू न देणारा माणूस तो. तो मुलीला एक खोटं झाकायला दुसरं खोटं देत होता, तेही तिच्याच अंगावर घ्यायला. आणि वाईट याचं वाटतं, की त्यात त्याची मायाच होती.

अपेक्षानं नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ अडली नाही. म्हणाली, त्याला खरं कळलं नाही तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी भरवशावर निघेल. तिनं तिथेच, बापासमोर, संभाजीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. चार वाक्यांत सांगून टाकलं. मला कंपनीनं घेतलेलं नाही. मी मसाल्याच्या गाळ्यावर काम करते. तुझा बायोडाटा द्यायला माझ्याकडे साहेब नाही. नोकरी सोडू नको.

पलीकडे जिनिंगच्या यंत्रांचा आवाज नव्हता. आवाज नाही म्हटल्यावर हिंमतराव दचकून सरळ बसले.

“ताई, मी तर मंगळवारीच सोडली,” संभाजी म्हणाला. “काकानं सांगतलं होतं, झालंच समज.”

आणि त्यानं फोन ठेवला.

अपेक्षा बापाकडे वळली. “मी फक्त बघते म्हणाली होती बाबा.”

“हाव,” हिंमतराव म्हणाले. त्यांना काट्यावर येणाऱ्या लोकांना सांगायला एक नवी बातमी हवी होती, दुसरं काही नाही. तो फोल्डर ते पिशवीत घालायला गेले, तर पिशवीत जाईना. शेवटी तो तसाच माझ्यावर ठेवून ते खाली मान घालून बसून राहिले.

दहा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली होती. उल्काताई दाराशी आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दार उघडं ठेवायचा नियम त्यांचाच.

“तिथे पगार वेळेवर देतात का?” त्यांनी विचारलं.

“हो काकू.”

“मग त्यांचं पत्र आणून द्या उद्या. फाईलला नोकरीचा कागद लागतो. कुठली नोकरी ते लागत नाही.” आणि आत जाता जाता हिंमतरावांना म्हणाल्या, “आपण चहा घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी तात्यारावांचं पत्र आलं. त्यांनी देताना विचारलं होतं म्हणे, वर मिरचीचं चित्र आहे, घरमालकीणबाईंना चालेल ना? चाललं. अकरा महिने ज्याची भीती होती ते खोलीतून काढलं जाणं एका मिरचीच्या चित्रावर मिटलं.

संभाजीचं मात्र मिटलं नाही. जिनिंगमध्ये त्याच्या जागी दुसरा माणूस दोन दिवसांत बसला होता. हिंमतराव मालकाकडे जाऊन आले, पण उपयोग झाला नाही. अपेक्षानं तात्यारावांना विचारून पाहिलं, त्यांना आणखी माणूस नको होता. शेवटी संभाजी पुण्याला आलाच, खडकीला. त्याचा आतेभाऊ संपत तिथल्या कारखान्यात कंत्राटावर आहे, त्याच्या खोलीत. अपेक्षाचे फोन त्यानं उचलले नाहीत.

दारव्ह्यात एव्हाना सगळ्यांना सगळं कळलं होतं. सत्यशीलाबाई आठ दिवस मुलीशी बोलल्या नाहीत. खोटं बोलली म्हणून नाही. आधी मला का नाही सांगितलं म्हणून.

नोव्हेंबरात थंडी पडली. संभाजी फरशीवर चादर टाकून झोपतो, असं अपेक्षाला संपतकडून कळलं. एका रविवारी तिनं आणि नम्रतानं मला गुंडाळलं, दोरीनं बांधलं आणि रिक्षात घातलं. या वेळी पहिल्याच रिक्षावाल्यानं घेतलं, कोण जाणे का. तिला द्यायला नोकरी नव्हती. माझ्याखेरीज त्याच्या उपयोगाचं तिच्याकडे काहीच नव्हतं.

संभाजी दारात आला. त्यानं मला हात लावला नाही आणि तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, “तिची गादी नको मले.” हेही तिला नव्हे, संपतला. अपेक्षानं मला गॅलरीतल्या भिंतीशी टेकवलं, एकदा माझी दोरी घट्ट केली आणि दोघी जिना उतरून गेल्या.

तीन दिवस मी गॅलरीत होते. एक मांजर येऊन झोपायचं. मी चौदा किलो निवडक कापसाची, आणि माझी किंमत तेवढ्या मांजरालाच कळावी, हा अपमान मी विसरणार नाही. चौथ्या दिवशी संपतनं मला ओढत आत आणलं आणि संभाजीला विचारलं, गादीनं काय केलं तुझं? पुण्यात आल्यापासून माझ्या बाजूनं बोललेला हा पहिला माणूस.

आता जानेवारी आहे. संभाजी माझ्यावर झोपतो. रोज सकाळी फोल्डर घेऊन निघतो, संध्याकाळी येतो. हिंजवडी, खराडी, त्याच रांगा, तेच प्रश्न. अपेक्षा त्याला रिकाम्या जागांची माहिती पाठवते. तो वाचतो, दोन ठिकाणी अर्जही केला त्यानं, पण उत्तर देत नव्हता.

परवाच्या रविवारी दुपारी दुर्गाबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज असा, की फोन कानाला लावला तरी खोलीभर ऐकू येतो. जेवणखाण विचारून झालं आणि मग त्या म्हणाल्या, “लोक विचारून रायले रे, संभाजीचं काय झालं म्हणून. काय सांगू त्याईले?”

माझ्यातला सगळा कापूस आवळला गेला. हा प्रश्न मला ठाऊक आहे. यानंतर काय येतं तेही ठाऊक आहे. संभाजी पाय लांब करून बसला होता.

“सांग, अजून नोकरी शोधून रायला म्हणून.”

“बरं,” दुर्गाबाई म्हणाल्या, आणि तिळाचे लाडू कोणाबरोबर पाठवू ते विचारू लागल्या.

मी वाट बघत राहिले, आता रडारड होईल, आता आवाज चढेल. काही झालं नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगते, संताप झाला. एवढंच होतं? एवढं एक वाक्य बोलता यावं म्हणून एका मुलीनं बागेतल्या बाकावर दिवस काढले, वर्षभर फोनवर खोटं बोलली?

संभाजीलाही तसंच काहीसं वाटलं असावं. आईचा फोन ठेवून त्यानं अपेक्षाला फोन लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. ताई, घरी सांगतलं, म्हणाला, शोधून रायलो म्हणून.

“मग? काय म्हणाल्या काकू?”

“बरं म्हणाली.”

“फक्त बरं?”

“हाव. फक्त बरं.”

तिकडून पुढे आवाज आला नाही. संभाजी दोनदा ताई, ताई म्हणाला. फोन चालू होता. अशा वेळी ती काय करते ते त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. ती पालथी पडते, तोंड खुपसते आणि दोन्ही मुठींत जे सापडेल ते धरून ठेवते. इतके दिवस तिच्या मुठीत मी असायचे. आता तिच्या कॉटवर नुसती फळी आहे, वर एक घडी केलेली चादर.

तुम्ही उठताय ना? त्या बाजूला गेलात तर शनिवार पेठेत जरा डोकावून या. दुसरा मजला, लिफ्ट नाही. काही विचारू नका तिला. नुसतं बसा.